पाठमोरी उपकारस्तुती

माळखडकचं चर्च बघायला येणारे पाहुणे दगडी भिंती बघतात, घंटेचा दोर हातात धरून फोटो काढतात आणि निघतात. पण जो पाहुणा उपकारस्तुतीच्या, म्हणजे वर्षाच्या पिकापाण्याबद्दल देवाचे उपकार मानायच्या रविवारी येतो, तो जाताना गप्प तरी असतो नाहीतर चिडलेला तरी. त्या दिवशी वेदीपुढच्या मेजावर बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेला एखादा कोंबडा असं सगळं मांडलेलं असतं. गाणी होतात, वचन वाचलं जातं. मग उपकाराच्या प्रार्थनेची वेळ आली की सगळी मंडळी उभी राहते, वेदीकडे सरळ पाठ करते आणि उघड्या दाराकडे तोंड करून हात जोडते. म्हातारी माणसं काठी टेकत वळतात, कडेवरची पोरंही वळवली जातात. पाळकसाहेब मधल्या वाटेने चालत दारापर्यंत जातात आणि प्रार्थना उंबऱ्यावर उभं राहून सांगतात.

एक बडे पाहुणे एकदा म्हणाले, हा देवाचा अपमान आहे. दुसऱ्या एका बाईंनी मोबाइलवर चित्रण केलं आणि म्हणाल्या, किती सुंदर प्रथा! त्यांच्यापेक्षा अपमान म्हणणारा माणूस परवडला. सुंदर काय त्यात? ही प्रथा एका बाईच्या संतापातून निघालेली आहे, आणि ती गोड आवाजात सांगता येत नाही.

गोष्ट मानमोडीच्या साथीतली. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आलेला तो ताप. सकाळी अंग मोडून आलं म्हणणारा माणूस बघता बघता मान टाकायचा, म्हणून मानमोडी. त्या साली पावसानेही दगा दिला होता. माळखडकची ख्रिस्ती वस्ती तेव्हा गावाबाहेर माळावर होती, मिशनने बांधून दिलेल्या खोल्यांची. वस्तीच्या खालच्या अंगाला तळ्याच्या बांधाचं काम निघालं होतं आणि त्यावर वडार आले होते. त्यांची पालं, त्यांची गाढवं, पहारी, फावडी आणि आपल्याला न उमगणारी बोली. वस्तीवरची माणसं त्यांच्याशी बोलत नसत. आता गंमत बघा. ज्यांना गावाने पिढ्यानपिढ्या वेशीबाहेर ठेवलं, त्यांनीसुद्धा आपल्याहून बाहेरचं कोणीतरी शोधून ठेवलं होतं.

वस्तीच्या अगदी कडेच्या खोलीत रिबकाबाई राहत असे. नवरा लाजरस, थोमा आणि शांतवन हे दोन मुलगे आणि अजून अंगावर पिणारी एस्तेर. रिबका चर्चमध्ये गाणं उचलणारी बाई होती. तिने सूर लावला की बाकीच्यांनी मागून यायचं. देवावर तिचा जीव होता आणि जिभेला धार होती, या दोन्ही गोष्टी वस्तीला ठाऊक होत्या.

ताप तिच्या घरात शिरला आणि लाजरसला घेऊन गेला. त्याच आठवड्यात थोमा गेला, पाठोपाठ शांतवन. वस्तीतल्या दर खोलीत हेच चाललं होतं. दफनभूमी माळावर, म्हणजे वर बोटभर मुरूम आणि खाली नुसता खडक. तापातून उठलेल्या माणसाला तिथे कुदळ उचलवत नव्हती, मग खड्डा खणायचा कोणी? गावाने वस्तीच्या वाटेवर बाभळीचे काटे आणून टाकले आणि पाणीसुद्धा लांबून ओतायला सुरुवात केली. तीमथी मास्तर, म्हणजे वस्तीचे शिक्षक आणि उपदेशक, शाळेच्या खोलीला आतून कडी लावून प्रार्थना करत बसले. भीती कोणालाही वाटते. त्या कडीबद्दल मास्तरांना कोणी बोल लावत नाही. पुढे त्यांनी जे केलं त्याबद्दल लावतात.

रिबकाने म्हणे लाजरसचं प्रेत घोंगडीवर घेऊन उंबऱ्यापर्यंत ओढत आणलं आणि स्वतः तापलेली ती तिथेच कोसळली. तिचं दूध आटलं होतं. एस्तेर रडून रडून आवाज बसलेली, नुसतं तोंड उघडायची. रिबका पडल्या पडल्या देवाला हाका मारत होती. आधी विनवणी केली, मग शिव्या घातल्या. आणि दारात उजेड अडला म्हणून तिने डोळे उघडले, तर एक वडारीण उभी होती, कमरेला स्वतःचं पोर बांधलेली. तिचं नाव दुर्गव्वा. ती काही बोलली नाही. आपलं पोर तिने सोडून खाली ठेवलं, एस्तेरला उचललं, भिंतीला टेकून बसली आणि पदराखाली घेतलं.

तिचा नवरा तिम्मा आणि बाकीचे गडी तोवर माळावर गेले होते. ज्या पहारींनी बांधाचा दगड फोडला त्याच पहारींनी त्यांनी वस्तीच्या मेलेल्यांसाठी खडक फोडला. कोणाची जात विचारली नाही, कोणता देव मानता तेही विचारलं नाही. रिबकाला अंथरुणावरून पहारींचा आवाज ऐकू यायचा आणि तिला कळायचं, हा माझ्या थोमाचा खड्डा, हा शांतवनचा. साथ ओसरेपर्यंत दुर्गव्वा रोज येत राहिली. दोन्ही पोरं एकाच वेळी पाजायची, तोंडाने कसलंसं गाणं गुणगुणायची आणि जायची. वडारांच्या पालांतही माणसं मेली. त्यांचे खड्डे त्यांनीच खणले, वस्तीतलं कोणी गेलं नाही.

साथ हटली आणि गावाला तोंड फुटलं. ताप आणला कोणी? वडारांनी! खरं तर पहिला बळी पाटलाचा पुतण्या. तो मुंबईहून खोकत आला होता, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण पाटलाच्या घराकडे बोट कोण दाखवणार? वडारांना ना घर, ना शेत, ना कोणी वाली. पाटलाची माणसं पालांवर गेली, दोन पालं मोडली आणि सांगितलं, रविवार मावळल्यावर इथे तुमचं गाढवसुद्धा दिसता कामा नये. मास्तरांना बोलावून विचारलं, तुमच्या वस्तीचं काही म्हणणं? मास्तरांना गावाशी वाकडं नको होतं. त्यांनी मान हलवली, आमचं काही म्हणणं नाही.

वर त्याच रविवारी मास्तरांनी उपकारस्तुती ठेवली.

रिबकाला हे कळलं तेव्हा तिला नीट चालवतही नव्हतं. भिंती धरत धरत ती शाळेपाशी गेली.

"मास्तर, वडारांना घालवत्यात. तुमी पाटलाला सांगा, आमची माती त्यांनी केली म्हनावं."

"रिबका, झालं गेलं विसरायचं. देवाने साथ हटवली. आता गावाशी भांडण नको."

"देवानं हटवली? मग आनली कुनी?"

मास्तर खिन्न हसले. अशा वेळी हसणाऱ्या माणसाचा फार राग येतो. ते म्हणाले, "रविवारी तू साक्ष दे. नवरा गेला, मुलं गेली, तरी मी देवाचे उपकार मानते असं सगळ्यांपुढे म्हण. तुझ्याकडे बघून बाकीच्यांना धीर येईल."

"माझं देवाशी बोलनं बंद हाय सध्या."

"मग मंडळीत कशी राहशील? आणि मंडळीत नसलेल्या बाईला मिशनची खोली कशी मिळेल? तुझ्या लेकराचा विचार कर."

रिबका परत आली. एस्तेरला छातीशी घेऊन ती दिवसभर बसून राहिली. पदरात एकच लेकरू, डोक्यावर तेवढंच छप्पर, आणि ते राखायला एक वाक्य म्हणायचं होतं. एवढंच तर वाक्य! आजवर ती शेकडो वेळा ते म्हणाली होती, मनापासून म्हणाली होती. पण आता लाजरसच्या मातीवर उभं राहून ते म्हणायचं, आणि त्याच वेळी दुर्गव्वा हाकलली जात असताना तोंडातून तिचं नावही काढायचं नाही, म्हणजे उपकारस्तुती कसली, ती तर चोरी झाली.

रविवारी चर्च अर्धंच भरलं होतं. मेजावर कोणीतरी ओंजळभर कुळीथ ठेवले होते, कोणी रानातल्या शेंदाडाच्या फळांच्या वाळल्या काचऱ्या. दार उघडं होतं आणि दारातून खालची वाट दिसत होती. वडार गाढवांवर सामान चढवत होते. मास्तरांनी प्रार्थना सुरू केली. त्यांनी सरकारचे उपकार मानले, मिशनचे मानले, आणि मग म्हणे त्यांच्या तोंडून निघालं, "हे प्रभू, साथ आणि साथ आणणारे दोन्ही तू आमच्या हद्दीतून दूर केलेस, म्हणून तुझी स्तुती असो." पुढच्या बाकावरून एकदोघांनी आमेन म्हटलं. मग मास्तरांनी रिबकाला उभं राहायला सांगितलं.

ती उभी राहिली. एस्तेर कडेवर. सगळ्यांना वाटलं, ती आता रडेल आणि साक्ष देईल. तिने मेजाकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. वेदीकडे पाठ! बायकांनी तोंडाला पदर लावले. मास्तर ओरडले, "रिबका, इकडे तोंड कर!"

"देवा," ती दाराकडे बघून बोलू लागली, आणि गाणं उचलणाऱ्या बाईचा तो आवाज माळभर गेला असं सांगतात. "लाजरस नेलास. थोमा नेला, शांतवन नेला. त्याचं उपकार मानू? न्हाई मानत! तुझ्या घरात हुबी राहून तुझ्याशीच खोटं कशी बोलू? पर ही पोर जित्ती हाय. हिला दूध पाजलं त्या बाईनं. माझ्या मानसांला माती दिली तिच्या दाल्ल्यानं. त्यांला तू धाडलं असशील, तर तुझं लई उपकार हायेत, देवा, मी जन्मभर मानीन. आन धाडलं नसशील, तर त्यांचंच उपकार, आन तूबी त्यांच्याकडनं शिक!"

देवाला असं कोणी बोलतं? आभाळ कोसळलं नाही. म्हातारे पिलाजीबाबा, ज्यांच्या घरात आता ते एकटेच उरले होते, काठीवर जोर देऊन उठले आणि दाराकडे वळले. मग त्यांच्यामागची बाई वळली. मग एकेक करत सगळे वळले, ज्यांनी मघाशी आमेन म्हटलं होतं तेही, आणि मास्तरांसमोर नुसत्या पाठी उरल्या. रिबका चालू लागली तशी मंडळी तिच्यामागे दाराबाहेर आली आणि वाटेवर जाऊन गाढवांसमोर उभी राहिली.

रिबकाने दुर्गव्वापुढे हात जोडले. पिलाजीबाबा म्हणाले, आमच्या आवारात पालं टाका, बघू पाटील काय करतो ते. आता तुम्हाला वाटेल, दुर्गव्वाचे डोळे भरून आले असतील, तिने रिबकाला मिठी मारली असेल. पुष्कळ जण गोष्ट तशी सांगतात. ते खोटं आहे. दुर्गव्वा भडकली, आणि सगळ्यांना कळावं म्हणून वस्तीच्या बोलीतच भडकली.

"आता कशाला गं हात जोडती? परवा पालं मोडली तवा कुटं व्हता सगळी? पाटलाची मानसं मला ढकलून देत व्हती, तुमी दारं लावून बसला! माझा दीर तिथं मातीत हाय, त्याच्या मातीला आला का कुनी?"

रिबका एवढी धारदार जिभेची बाई, ती मान खाली घालून उभी राहिली. तिला वाटलं होतं, रागवायचा हक्क आज आपल्या एकटीचाच आहे. एस्तेरने मात्र ओळखीचा आवाज ऐकून दोन्ही हात पुढे केले. दुर्गव्वा तिच्याकडे बघत राहिली. मग तोंडाने पुटपुटत, रागातच, ती वाटेकडेच्या दगडावर बसली, एस्तेरला ओढून घेतलं आणि शेवटचं पाजलं. सगळी मंडळी उन्हात तशीच उभी होती. पोरीचं पोट भरल्यावर दुर्गव्वाने तिला रिबकाच्या हातात दिलं, गाढवाला हाकारलं आणि ती चालू लागली. वडार थांबले नाहीत. का थांबावं त्यांनी?

मास्तर तेवढ्यात मागून आले. माणूस वाईट नव्हता, पण प्रसंग आवरता घ्यायची त्यांना भारी घाई. त्यांनी हात वर केले आणि म्हणाले, "उपकारस्तुती झाली. सर्वांनी आमेन म्हणावं."

"कुनी म्हनू नका," रिबका म्हणाली. "अजून न्हाई. त्यांनी घेतलं कुटं आपलं उपकार?"

आणि कोणी म्हटलं नाही. रिबकाला खोलीतून काढायचं धाडस मास्तरांना झालं नाही. वर्षाच्या आत ते दुसऱ्या गावी बदली मागून गेले. रिबका पुढे खूप जगली. दर रविवारी चर्चला यायची, गाणं उचलायची आणि उपकारस्तुतीच्या दिवशी मेजाकडे पाठ करून उभी राहायची. एका नव्या पाळकांनी तिला विचारलं, बाई, अजून देवावर राग आहे? ती म्हणाली, "भांडन हाय माझं त्याच्याशी, ते मिटायचं तवा मिटंल. पर उपकाराला न जागनारी मी न्हाई." वडारांचा तिने पुष्कळ शोध घेतला म्हणतात. दर बांधावर, दर रस्त्याच्या कामावर जाऊन विचारायची. दुर्गव्वा काही सापडली नाही.

आजही माळखडकला मंडळी त्या प्रार्थनेला दाराकडे वळते. पाळक उंबऱ्यावरून विचारतात, यंदा आपल्या उपयोगी पडलेल्या कोणाला आपण जाऊ दिलं? मग एखादा माणूस मान खाली घालून नाव सांगतो. ऊसतोडणीच्या टोळीतली एखादी बाई, एखादा चोर ठरवून हाकललेला गडी. काही वर्षी कोणीच बोलत नाही, आणि तेव्हा म्हाताऱ्या बायका उघड उघड चिडतात, कारण घ्यायला नाव नाही असं वर्ष अजून गेलेलं नाही. मग उपकार मानले जातात, देवाचे आणि त्या माणसांचे, आणि प्रार्थना आमेनशिवाय तशीच सोडून देतात. पाहुणे सवयीने आमेन म्हणायला तोंड उघडतात. शेजारची बाई त्यांचा हात धरते आणि म्हणते, "अजून नाही."