खडकाच्या चार पायऱ्या

माणसांनी नदीवर पूल बांधायच्याही आधीची गोष्ट. नदीतल्या पायऱ्यापायऱ्यांच्या खडकावर भुरी वानरीण नऊ पिल्लांकडून रोज आकडे घोकून घेई. एके दिवशी अचानक पूर आला. काठावर जायला जांभळाची एकच फांदी होती आणि ती एकाचंच वजन पेलायची.

दोन पिल्लं पलीकडे पोचली, तोवर खडकाची एक पायरी बुडाली. ते पाहून बाकीची एकदम फांदीवर झेपावली. फांदी करकरली.

"थांबा!" पिल्लांतली चिकी ओरडली. "बाई, एक पायरी बुडेपर्यंत दोघं जातात. पायऱ्या चार उरल्यात."

भुरीने पाहिलं. सात पिल्लं आणि ती स्वतः, म्हणजे आठ. "पुरतील," ती म्हणाली, "पण ढकलाढकली केलीत तर नाही."

पिल्लं रांगेत उभी राहिली. एकेक पिल्लू पलीकडे गेलं. शेवटी भुरी निघाली तेव्हा पाणी तिच्या घोट्यांना लागलं होतं.

काठावर पोचल्यावर धापा टाकतच तिने विचारलं, "पाणी दुप्पट वेगाने चढलं असतं, तर आपण काय केलं असतं?"

 त्या दिवशी प्रथमच सगळी पिल्लं घोकायचं सोडून नदीकडे बघत विचार करू लागली.