सावलीतल्या गाडीला घाम

“…पण वस्ताद, हिच्यात वाईट काय हाय, ते तरी सांगा की!”

धुळाप्पा वस्ताद दलालाच्या आवारात उभ्या गाडीभोवती फिरत होते. उभी हयात तालमीच्या लाल मातीत गेलेला माणूस. गाडीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते तसं सरळ सांगतही.

सयाजी त्यांचा लाडका पठ्ठ्या. अंगात जोर, आणि जोराहून जास्त तोरा. कॉलेज घाटापलीकडे. गेल्या हिवाळ्यात ऐन प्रॅक्टिकलच्या दिवशी एस.टी. आली नाही आणि पोराचं वर्ष बुडालं. आता आईने पोटाला चिमटा घेऊन जुन्या गाडीपुरतं जमवलं होतं. दुसऱ्यांदा जमणार नव्हतं. गाडी फसली की शिक्षणही फसणार.

आणि हा पठ्ठ्या लाल गाडीवर भाळला होता.

“मोबाईलवर सगळं बघून आलोय, वस्ताद. काल दलालानं दाखवली, चावी लावायचा अवकाश, सुरू!”

“आणि ती?”

मागे एक पांढरी गाडी उभी होती. दार चेपलेलं, टपावर चिंचेचा पाला.

“त्या डबड्यातनं कॉलेजात उतरलो तर पोरं हसतील.”

“हसायला तू पोचाय तर पायजे.”

दलाल हसला. सयाजी हसला नाही.

थंडीची सकाळ होती. दोन्ही गाड्या चिंचेच्या दाट सावलीत. वस्ताद पुढे झाले आणि पैलवानाच्या पाठीवर ठेवावा तसा त्यांनी लाल गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवला.

“ही कुठं लढून आली?”

“कुठं न्हाई, मालक. कालपास्नं जागची हललेली न्हाई.”

“मग घाम कशाचा?”

दलाल फडक्याने काच पुसू लागला.

वस्तादांनी सयाजीचा हात धरून बॉनेटवर ठेवला. चांगलंच तापलं होतं. मग तोच हात पांढऱ्या गाडीवर ठेवला. थंडगार, वर दव.

“अंग तापवून आणलेला कुठलाबी गडी वाघच दिसतो… बसू जरा.”

बसले. दलालाने चहा आणला. थोड्या वेळाने परत आणला. “काम असंल तर उरकून या की,” असंही सुचवून पाहिलं. वस्ताद ढिम्म.

दुपारी लाल गाडी निवली. सयाजीने चावी फिरवली. गाडी खोकली. पुन्हा खोकली. मग निळा धूर ओकत, थरथरत कशीबशी उठली. सयाजीचं तोंड एवढंसं झालं.

“आता ती.”

“तिच्याकडं कुणी बघतच न्हाई, म्हणून तिला तापव…” दलालाने जीभ चावली.

पांढरीची चावी फिरली. गाडी लगेच सुरू झाली. टपावरचा पाला तेवढा काचेवर घसरला.

मग ओळखीच्या मेस्त्रीने ती खालून-वरून तपासली, कागद पाहिले आणि मान डोलावली.

प्रॅक्टिकलचा दिवस पौषातला. धुकं असं, की समोरचा माणूस दिसेना. एस.टी. याही खेपेला आली नाही. पांढरी मात्र पहिल्या चावीला उठली. स्टँडवर पोरं रडकुंडीला आली होती. त्यांत चेपक्या दारावरून हसणारीही होती. सयाजीने सगळ्यांना कोंबून बसवलं, आणि घंटा व्हायच्या आत सारी वर्गात!

संध्याकाळी त्याने तालमीच्या दारातच शड्डू ठोकला.

“वस्ताद, पहिल्या चावीला! घाटात दमली न्हाई! आणि हसणारी पोरं मागच्या सीटवर!”

तालमीत एकच कल्ला झाला. कुणीतरी त्याला खांद्यावर घेतलं. वस्तादही पोटभर हसले. त्यांना खरोखरच आनंद झाला होता.

“आता मला गाडीतलं समदं कळतंय, वस्ताद. कुणाला घ्यायची असंल तर माझ्याकडं धाडा!”

वस्तादांनी त्याला खाली उतरवून घेतलं. त्याच्या पाठीवर तळहात ठेवला…

“निवलास की ये.”