भोक पाडलेली मडकी

दोष म्हाताऱ्याचाच होता. हे आधीच सांगतो, कारण असल्या गोष्टींत शेवटी गुरूच शहाणा ठरतो.

एकदा एक वृद्ध पुरातत्त्वज्ञ ज्यूंच्या प्राचीन भूमीत टेकडीवरचं एक खेडं खणत होता. वीस वर्षं. त्या लोकांच्या धर्मात मातीचं भांडं विटाळलं की फोडावं लागे. दगडाचं विटाळत नसे. त्यावरून म्हाताऱ्याने सरळ नियम करून टाकला होता. घरात दगडी पेला सापडला, तर घर ज्यूंचं. वरच्या आळीत पेले निघाले, खालच्या आळीत एकही नाही. खाली परके मजूर राहत असावेत, असं त्याने पुस्तकात छापलं. पुढे खालच्या आळीवरून रस्ता न्यायचं ठरलं, तेव्हा तिथे जपण्याजोगं काही नाही असा दाखलाही त्यालाच द्यायचा होता.

त्याची शिष्या महिनाभर खालच्या उकिरड्यात बसून खापरं जुळवत होती.

"सर, ही मडकी पडून फुटलेली नाहीत," ती म्हणाली. "प्रत्येकाच्या पोटाला एकाच जागी भोक आहे. मुद्दाम पाडलेलं."

"फुटकं मडकं सगळीकडे सारखंच असतं, बाई. तुझ्या घरीही असेल एखादं."

खणणारे सगळे हसले. दाखल्यावर सही झाली. आठवड्याने यंत्रं आली आणि दोन दिवसांत आळी सपाट झाली.

तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने एक विचित्र गोष्ट केली. येईल त्या पाहुण्याला कौतुकाने दाखवायचा तो दगडी पेला त्याने टेबलावरून उचलून खोक्यात बंद केला आणि त्या जागी शिष्येने जुळवलेलं भोकाचं मडकं ठेवलं. हे काय, असं तिने विचारलं.

"वरच्यांनी एकदा दगड विकत घेतला आणि सुटले," तो म्हणाला. "खालच्यांना दगड परवडत नव्हता. विटाळ झाला की घरातलं धड मडकं ते आपल्या हाताने भोक पाडून फोडत राहिले. धर्म त्यांनाच जड गेला, आणि त्यांनीच तो पाळला. मी ज्याला ओळख म्हणत होतो, ती नुसती ऐपत होती."

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"तू सांगितलंस तेव्हाच."

"मग सही का केलीत?"

"पुस्तक छापून झालं होतं."

आपल्या वह्या तिने टेबलावर ठेवल्या आणि निघून गेली.

खालची आळी आता डांबराखाली आहे. म्हाताऱ्याचं निम्मं गाव गेलं, आणि शिष्या गेली.