तुळाईच्या घाटावरचा पहिला खांदा

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आमच्या पणजोबांचे पणजोबाही ‘फार वर्षांपूर्वी’ म्हणूनच सांगायचे इतक्या वर्षांपूर्वी, डोहगावात तुळाई नावाची कोळीण होती. नदीला पूल नव्हता. पलीकडे जायचं तर तुळाईच्या नावेतून. ती फार बोलायची नाही, आणि बोलली की ऐकणाऱ्याला वाटायचं, गप्प होती तेच बरं होतं.

गावाचे दोन रिवाज होते. गावात प्रेत असलं की चूल पेटत नसे आणि नाव सुटत नसे. आणि माणूस ज्याच्या हातून गेला, चुकून का असेना, त्यानं तिरडीला पहिला खांदा द्यायचा. बैल उधळून कोणी मेलं, तर बैलाच्या मालकानं. त्या वेळी त्याला कोणी शिवीही देत नसे. शिक्षा पंच नंतर ठरवायचे. आधी सगळ्यांदेखत पुढं यायचं.

एका पावसाळ्यात राजाचं सैन्य गावाबाहेर उतरलं. आपल्याच राजाचं हो, परकं नव्हे. गावानं ज्वारी दिली, दूध दिलं. आणि एका सकाळी कुरणात तिघं मरून पडलेली सापडली. सोमा कुंभार, त्याची बायको राही आणि तुळाईचा एकुलता एक मुलगा बहिरू. गवत कापायला गेली होती बिचारी. अंगावर भाल्याचे घाव होते, आणि कापलेलं गवत छावणीतले घोडे खात होते.

सैन्याचा सरदार निळोजीराव म्हणाला, “धुकं होतं. शत्रूचे हेर वाटले. लढाईत असं व्हायचंच.”

“हेर गवताचं भारं बांधत्यात व्हय?” तुळाईनं विचारलं. “मारलं कुनी?”

“सैन्यानं.”

“सैन्याला खांदा नसतो, सरदार. मानसाला असतो. मानूस द्या.”

सरदारानं माणूस दिला नाही. पण दुपारी बातमी आली की शत्रू मागून येतोय, आणि सैन्याला तातडीनं नदी ओलांडायची होती. तुळाई घाटावर बसून राहिली. सरदारानं तिच्या मानेवर तलवार टेकवली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मला मारलंसा तर आनखी एक मढं हुईल. नाव तरीबी सुटायची न्हाई.”

शिपायांनी स्वतःच वल्ही घेतली. असं म्हणतात, की नाव मध्यापर्यंत गेली आणि वळून याच काठाला येऊन टेकली. पुन्हा ढकलली, पुन्हा आली. नदीनं कोणाला बुडवलं नाही, फक्त जाऊ दिलं नाही.

मग सरदारानं डोकं लढवलं. चार हुजरे पुढं केले आणि म्हणाला, “हेच ते. द्या रे खांदा.” बहिरूची तिरडी उचलायला ते वाकले, पण तिरडी जागची हलेना. पैलवान गडी आणले, तेही घामाघूम झाले. असं म्हणतात, की तिरडीचे बांबू कुरकुरले, पण जमीन सुटली नाही.

तेव्हा मानाजी नावाचा एक स्वार रांगेतून बाहेर आला. तो सरदाराकडे बघत नव्हता. “भाला माझा व्हता,” तो म्हणाला. “ती गवत देईनात, म्हनून मारलं.” त्यानं खांदा लावला आणि तिरडीचा एक कोपरा वर आला. त्याच्या मागून आणखी दोघं आले. तीन कोपरे उचलले गेले. चौथा मातीलाच चिकटून राहिला.

तुळाई सरदाराकडे बघत होती.

“मी भाल्याला हातही लावलेला नाही,” निळोजीराव म्हणाला.

मानाजी म्हणाला, “गवत आना, कसंबी आना, असा हुकूम तुमचाच व्हता, सरकार.”

मग सरदारानं पगडी काढून हुजऱ्याच्या हातात दिली आणि वाकला. चौथा कोपरा परडीसारखा हलका वर आला. त्याच चार खांद्यांवरून सोमा आणि राहीही गेले.

चिता विझल्यावर तुळाईनं सगळं सैन्य पार केलं. शेवटच्या खेपेला ते चौघं बसले, हात बांधलेले, राजापुढं न्यायला. राजानं त्यांना काय शिक्षा दिली यावर गावात अजून भांडणं होतात. त्यांनी राजासमोर सगळं आपल्या तोंडानं सांगितलं, यावर मात्र एकमत आहे. बहिरू काही परत आला नाही. पलीकडच्या काठावर तुळाई एकटीच रडली.

डोहगावची पोरं अजून फौजेत भरती होतात. जाताना घाटावर तुळाईच्या नावानं ठेवलेल्या दगडावर हात ठेवून स्वतःचं नाव घेतात आणि म्हणतात, “माझ्या हातून झालं, तर मी सांगेन.” कोणी साहेब झाला, तर तो म्हणतो, “माझ्या हुकमानं झालं, तर मी सांगेन.” सुट्टीवर आला की जवान घराआधी तिथं जातो. बहुतेक सगळे दगडाला हात लावून हसत घरी येतात.

एखादा मात्र तिथंच बसून राहतो. मग कोळ्यांच्या घरातली सगळ्यात म्हातारी बाई जाऊन त्याच्याशेजारी बसते आणि विचारते, “तुज्या हातनं गेला, त्याचं नाव काय हुतं?” बहुतेकदा त्याला नाव ठाऊक नसतं. मग ती म्हणते, “बरं, काय करत हुता ते सांग.” तो सांगतो. ती सगळं ऐकून घेते, गुडघ्यावर हात टेकून उठते, आणि तेच ठाण्यात सांगायला दोघं तालुक्याला जाणारी पहिली एसटी धरतात.