कोठाराची कडी

कोकणात खाडीच्या मुखाशी केतकवळ नावाचं गाव. तिथल्या मशिदीमागे उंडीच्या झाडाखाली मोहरशहा बाबांनी बारा वर्षं काढली. अंगावर एक घोंगडी, पुढ्यात पाण्याचा माठ. येईल त्याला बाबा पाणी द्यायचे, नाव-गाव विचारायचे नाहीत. भाविकहो, त्या बाबांनी एका विद्वानाचं डोकं ठिकाणावर कसं आणलं, ते ऐका.

गावचे खतीब, मशिदीत शुक्रवारचं प्रवचन देणारे शरफुद्दीन, भारी पढीक. गाव शाफई मजहबाचं, त्या इमामांच्या नियमांनी चालणारं; पण हे घाटावर राहून हनफी मजहबाचे नियमही पाठ करून आलेले. रमजानात जकातीचं भात, म्हणजे गरिबांचा हक्काचा वाटा, मशिदीच्या कोठारात जमायचं. ते कुणाला द्यायचं, हे खतीबसाहेब ठरवायचे. आणि काय सांगू, त्यांना 'नाही' म्हणायचीच मोठी हौस!

गेल्या वादळात याकूब दालद्याची होडी जाळ्यासकट खडकावर फुटली होती. दर्यावर जगणारा माणूस, होडीशिवाय करणार काय? आठ दिवस घरात खाडीतल्या तिसऱ्या-शिंपल्या उकडून खाणं चाललं होतं. धाकट्या पोरीच्या अंगात रडायचंही त्राण उरलं नाही, तेव्हा याकूबची बायको बिबन कोठारापाशी आली.

"खतीबसाहेब, पायलीभर भात द्या. कांडून पोरीला पेज करते."

"तुझा नवरा धडधाकट आहे ना? शाफई मजहबात कमावत्या हातांना जकात नाही."

"हात आहेत साहेब, होडी नाही. मग दुसऱ्या मजहबात तरी बघा की!"

खतीब हसले. "बघतो ना! हनफी इमाम धडधाकटालाही देतात. पण तुझ्या पायांतले ते चांदीचे तोडे? साडेबावन्न तोळ्यांच्या वर भरतील. एवढी चांदी असलेल्या बाईला त्यांच्याकडे जकात नाही. चल, नीघ!"

"दालदीण निघाली मजहब शिकवायला!" कुणीतरी म्हणालं आणि जमलेली मंडळी फिदीफिदी हसली. बिबन डोळे पुसत बाबांकडे आली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, रोजा सुटेपर्यंत इथेच बस. तो वरून बघतोय."

इकडे खतीब भात मापायला कोठारात शिरले. वारा नाही, वावटळ नाही, आणि दार धाडकन लागलं! बाहेरची लोखंडी कडी आपसूक उचलली गेली आणि कोयंड्यात बसली. पाच जणांनी मिळून ओढली. लोहाराने घण घातला, तर घणाचाच दांडा मोडला. कडी तसूभर हलली नाही. उन्हाने तापलेल्या कोठारातून खतीबांच्या हाका येत होत्या, त्या हळूहळू क्षीण होत गेल्या.

सूर्य बुडाला, मगरिबची बांग झाली. लोकांनी खजूर तोंडाशी नेला आणि हात तिथेच थांबले. आतला माणूस भाताच्या राशीवर बसून घोटभर पाण्यासाठी तळमळत होता.

तेव्हा बाबा उठले आणि कोठाराच्या दाराशी येऊन बसले.

"शरफुद्दीन, पाणी हवं?"

"हवं, बाबा! घोटभर तरी!"

"पण तू तर धडधाकट. घरी चांदीही आहे. कोणत्या मजहबाने देऊ?"

आतून दाराला कपाळ टेकल्याचा आवाज आला. मग हुंदका आला. "बाबा, मला काही ठाऊक नाही. मला तहान लागलीय."

बाबांचे डोळे भरून आले. म्हणाले, "अरे वेड्या, ज्या शाफई इमामांचं नाव घेतलंस, तेच सांगतात की कसबी माणसाचं हत्यार गेलं तर जकातीतून हत्यार घेऊन द्या. बाईच्या अंगावरचे रिवाजाचे दागिने धरू नका. आणि हनफी इमाम सांगतात, हातपाय धड असले तरी गरजवंताला द्या. दोघांनीही गरिबासाठी दार ठेवलं. तू दोघांच्या दारांच्या नुसत्या कड्या गोळा केल्यास!"

मग बाबांनी मागे पाहिलं. "बिबन, तुझ्याजवळ काय आहे?"

"रोजा सोडायला तांब्याभर पाणी आहे, बाबा. एवढ्या मोठ्या माणसाला माझ्या हातचं चालेल?"

"नियम जकातीला आहेत, पोरी. खुशीचा सदका, मनाने दिलेलं दान, श्रीमंतालाही चालतं. जा, दे."

बिबनने नुसतं बोट लावलं. घणाला न जुमानणारी ती कडी अलगद वर आली! या अल्ला! अख्ख्या गावाच्या अंगावर काटा उभा राहिला. म्हातारी माणसं लहान पोरांसारखी रडू लागली.

खतीबांनी तांब्या तोंडाला लावला. अर्धा पिऊन झाल्यावर त्यांची नजर बिबनच्या कोरड्या ओठांवर गेली.

"तू प्यायलीस?"

तिने नाही म्हणून मान हलवली. तिचा रोजा अजून सुटायचा होता.

उरलेलं पाणी तिच्या हातात देऊन खतीब बाबांच्या पायांवर कोसळले. बाबांनी पाय मागे घेतले. "माझ्या पाया काय पडतोस? पोरीची पेज व्हायची आहे. भात उचल."

खतीबांनी भाताचं पोतं स्वतःच्या पाठीवर घेतलं. "उद्या सुताराला बोलावतो," ते वाटेत भेटलेल्या याकूबला म्हणाले, "तुझी होडी याच कोठारातून होईल." दालद्यांच्या वस्तीत याकूबचं झोपडं अगदी बुटकं. दारापाशी त्यांचा फेटा अडला. खतीबांनी तो काढला, कमरेत वाकले आणि पोतं घेऊन आत गेले. त्या दाराला कडी नव्हती.