शतावरीचं अनुपान

निवृत्त मामलेदार यशवंतराव पोतनीस म्हणजे आमच्या आळीचे स्वयंघोषित धन्वंतरी. बायकोला आपल्याजवळ यावंसं वाटत नाही, ही नाजूक तक्रार त्यांनी तिला शेजारीच बसवून वैद्य नेन्यांच्या भरल्या दवाखान्यात खणखणीत आवाजात मांडली. "दोन महिने शतावरी चारतोय, गुण शून्य! आता तुमच्या पुडीनंही फरक पडला नाही, तर हिला कायमची माहेरी पोचवतो."

बाकावरच्या बायकांनी माना खाली घातल्या, कान मात्र टवकारले.

वैद्यांनी हळूच विचारलं, "वहिनी, अनुपान काय? औषध कशाबरोबर घेता, त्यावर सगळा गुण असतो."

इंदुमतीबाई पदर सावरत म्हणाल्या, "दुधाबरोबर घेते, तेव्हा छान तरतरी येते हो. मग हे जप्तीला आल्यासारखे येतात, की सगळी उतरते. औषध राहू द्या तेच, अनुपान तेवढं बदलून द्या!"

माहेरचा विषय यशवंतरावांनी पुन्हा काढला नाही.