भाकड म्हशीचं घागरभर दूध

एका गावात एक पैलवान राहायचा. गावात माणसं पुष्कळ होती, पण पैलवानाच्या डोळ्यात सलायचा तो एकटा शेजारचा शिंपी.

आता शिंप्यात सलण्यासारखं काही नव्हतं. माणूस इतका किडकिडीत, की सुईशेजारी उभा राहिला तर आधी सुई दिसायची. पैलवानाचं तसं नव्हतं. त्याने कुस्त्या मारून एवढ्या गदा जिंकल्या होत्या, की बायको त्यांच्यावर ओले कपडे वाळत घालायची. म्हणजे मत्सर करायचाच तर शिंप्याने करायला हवा होता. पण शिंप्याला ते जमत नव्हतं, म्हणून तेही काम पैलवानाने अंगावर घेतलं.

त्याचं असं झालं. राज्यात एक ताप आला. हा ताप एकाला झाला की शेजारच्याला व्हायचा, शेजारच्याला झाला की त्याच्या शेजारच्याला. राजाने दवंडी पिटवली: ताप जाईपर्यंत कुणी उंबरा ओलांडायचा नाही, ओलांडलाच तर नाकातोंडाला फडकं बांधायचं. तोवर फडकं बांधून फिरायचे ते फक्त दरोडेखोर. त्या दिवसापासून दरोडेखोर कोण आणि पाटील कोण हे ओळखू येईना. पण त्याबद्दल गावात कुणी तक्रार केली नाही.

गाव बंद झालं. बाहेर फिरायचा तो एकटा कोतवाल. सकाळी गवळीवाड्यातून दुधाचा हंडा वेशीवर यायचा. ते दूध, कुणाकडची जास्तीची भाजी, कुणाकडचं पीठ, सगळं टोपलीत भरून तो नड असेल त्या घराच्या पायरीवर ठेवायचा. आणि दिवस मावळताना चावडीच्या धाब्यावर चढून ढोल वाजवायचा. ढोल वाजला की प्रत्येक घराने दारात येऊन ओरडून सांगायचं, काय चाललंय.

सुरुवातीला लोक नुसत्या तक्रारी ओरडायचे. "पाठ दुखते!" "सासू बोलते!" "सून बोलत नाही!" कोतवालाने कानात कापूस घातला, तरी ऐकू यायचं. शेवटी पाटलाने हुकूम काढला, की यापुढे दिवसातलं एक बरं काय ते सांगायचं. वाईट काय ते सगळ्यांना ठाऊकच आहे.

कोतवालाला हे सोयीचं पडलं. कुणाकडे काय आहे ते संध्याकाळीच कळायचं, सकाळची टोपली त्याप्रमाणे लावायची. ज्याच्या घरी भोपळा निघाला त्याला भोपळा कशाला द्यायचा?

पहिल्या संध्याकाळी शिंप्याचा नंबर आला. तो दारात येऊन ओरडला, "आजचं बरं! लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि आज कळलं की आमच्या हिला शीळ घालता येते!"

आतून शीळ आली. चांगली लांब. सगळं गाव म्हणालं, "वाऽऽ!"

मग पैलवानाची पाळी. तो छाती फुगवून ओरडला, "आजचं बरं! मी जोर काढले!"

गाव गप्प. लांब कुठेतरी कुणी शिंकलं, आणि सगळ्यांचं लक्ष त्या शिंकेकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी शिंपी म्हणाला, "आज दुपारचं ऊन खिडकीतून थेट सुईच्या नाकात शिरलं. पहिल्या फटक्यात दोरा ओवला!" पुन्हा गाव म्हणालं, "वाऽऽ!"

पैलवान दाणकन दार लावून आत आला. "सुईच्या नाकात ऊन! यात काय आहे गं एवढं?"

"काही नाही," बायको म्हणाली. "पण ऐकून बरं वाटलं बाई."

हे मात्र पैलवानाला फार लागलं. गाव फितूर झालं तर झालं, घरचं माणूससुद्धा? त्या दिवशी तो पाठ भिंतीकडे करून जेवला.

पुढच्या संध्याकाळी शिंपी ओरडला, "आज दुधावर जाड साय आली! दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली!"

गाव "वा" म्हणायला तोंड उघडतंय, तेवढ्यात पैलवान ओरडला, "आमच्या म्हशीने आज घागर भरून दूध दिलं!"

"वाऽऽऽऽ!" आजवरचा सगळ्यात मोठा वा. पैलवानाच्या अंगावर काटा आला. असा वा त्याला कुस्तीतसुद्धा मिळाला नव्हता.

मागे वळून बघतो तर गोठ्याच्या दारात बायको उभी. तिच्या मागे म्हैस. दोघी त्याच्याकडे बघत होत्या.

"अहो, रंभा भाकड आहे."

"हळू बोल."

"थेंब देत नाही ती. कधीपासून."

"गावाला कुठे माहीत आहे?"

"तिला माहीत आहे ना," बायको म्हणाली. म्हशीने मान फिरवली.

सकाळी कोतवाल आला आणि दूध न ठेवता पुढे निघाला.

"अहो कोतवाल! आमचं दूध?"

"तुमच्याकडे घागर आहे की, पैलवान!" कोतवाल कौतुकाने म्हणाला, आणि सगळं दूध पुढच्या घरी देऊन गेला.

खरं सांगायची हीच वेळ होती. पैलवानाने ठरवलंही होतं. पण संध्याकाळी शिंपी ओरडला, "आज पिठल्यात मीठ अगदी बरोबर पडलं!" आणि गाव वा म्हणालं. मिठाला! पैलवानाच्या अंगाचा तिळपापड झाला. तो ओरडला, "आमच्याकडे बासुंदी-पुरी झाली! खाऊन उरली!"

सकाळी कोतवालाने पीठ दिलं नाही, उलट भांडं पुढे केलं. "उरलेली बासुंदी द्या. पाटलांच्या आईला तोंडाला चव नाही, जरा चाखू दे."

"संपली."

"एका रात्रीत?"

"पैलवान आहे मी," पैलवान म्हणाला. ही मात्र त्या आठवड्यातली त्याची एकमेव खरी गोष्ट होती.

मग शिंप्याच्या कारल्याच्या वेलाला कळी आली. पैलवानाच्या परसात मांडीएवढा दुधी लागला. त्याची भाजीही बंद झाली. पैलवानाचा लंगोट सैल व्हायला लागला. बायको उरलेल्या तांदळाची पेज करायची आणि वाडग्यात वाढताना म्हणायची, "घ्या, बासुंदी." पैलवान पेज पीत खिडकीतून शेजारी बघायचा.

"बघ, बघ, त्याला मेथीची जुडी दिली!"

"त्याने मेथी आहे म्हणून सांगितलं नव्हतं ना."

"लबाड आहे तो. मुद्दाम साधं साधं सांगतो."

इकडे गावाचंही काहीतरी बिघडत चाललं होतं. पैलवानाच्या घागरीनंतर कुणी लहानसहान सांगेना. सुताराच्या कोंबडीने तीन बलकांचं अंडं घातलं. सोनाराच्या पोपटाने आख्खी आरती म्हटली, वर प्रसाद मागितला. आणि ज्यांना असलं काही जमेना, ते नुसतं "आमचं ठीक" म्हणून दार लावून घ्यायला लागले. वेशीजवळची म्हातारी तेलीण आधी रोज तिच्या शेळीच्या खोड्या सांगायची. तीही आता म्हणायची, "ठीक." पैलवानाला वाटलं, आपण जिंकलो. राहिला तो एकटा शिंपी.

आणि मग तो ताप गवळीवाड्यात शिरला. वेशीवरचा हंडा यायचा थांबला. त्याच दिवशी शिंप्याच्या घरातून शिवणाचा आवाज यायचाही थांबला.

सकाळी कोतवाल फडकं बांधून पैलवानाच्या दारात. हातात मोठा तांब्या.

"शिंप्याला ताप भरलाय. पोटात काही ठरत नाही. वैद्य म्हणाले, निरसं कोमट दूध थोडं थोडं द्या, तेवढंच टिकेल. गावात आता दूध कुठलं? तुमचीच म्हैस. भरा तांब्या."

पैलवानाने गोठ्याकडे बघितलं. "म्हैस... झोपलीय."

"उठवा."

"दचकते ती. संध्याकाळी देतो. ताजं."

कोतवाल तांब्या ठेवून गेला. पैलवान दुपारपर्यंत रंभेखाली बसला. चुचकारलं, कुरवाळलं, पाया पडला. रंभेने त्याला एक लाथ घातली आणि नंतर दया येऊन दुसरी घातली नाही.

दुपारी तो चुलीजवळ गेला. पेजेचं पाणी गाळून तांब्यात ओतलं. पांढरं दिसत होतं. अगदी दुधासारखं.

बायको बघत होती. "हे देणार?"

"लांबून कळत नाही."

"त्याला लांबून नाही प्यायचंय," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

पैलवान तांब्याकडे बघत बसला. भिंतीपलीकडे शांत होतं. किती दिवस त्याला वाटत होतं, या माणसाचं तोंड एकदाचं बंद व्हावं. आता झालं होतं. पैलवानाने भिंतीला कान लावून बघितला. त्याने पेज रंभेपुढे ओतली.

ढोल वाजला. घरं एकेक करून ओरडत आली. शिंप्याच्या घराची पाळी आली तसे गावाने कान टवकारले. शिंपीण दारात आली. तिचा आवाज फार बारीक होता. "आजचं बरं... आज त्यांनी एकदा डोळे उघडले."

कुणी वा म्हणालं नाही.

पैलवानाच्या जिभेवर सवयीने आलं, 'आम्ही तर मिटलेच नाहीत!' त्याने जीभ चावली. अगदी रक्त येईपर्यंत. मग तो ओरडला, "माझी म्हैस भाकड आहे!"

"पैलवान," धाब्यावरून कोतवाल म्हणाला, "बरं काय ते सांगा."

"ती दूध देत नाही. त्या दिवशीही दिलं नव्हतं. बासुंदी नव्हती, दुधी नव्हता. शिंप्यावर जळत होतो म्हणून बोललो. माझ्याकडे त्याच्यासाठी थेंब नाही!"

"अहो, पण यात बरं काय?"

पैलवानाची बायको मागून ओरडली, "नवरा खरं बोलला, हेच बरं! लिहून ठेवा!"

गाव इतकं शांत झालं, की शिंकायचं असलेल्यानेही शिंक आवरली. मग सुताराचा आवाज आला. "आमच्या अंड्यात बलक एकच होता." थोड्या वेळाने सोनार म्हणाला, "आमच्याकडे पोपट नाही."

"मग आरती?" कोतवालाने विचारलं.

"मीच म्हटली."

कोतवाल ढोलावरच बसला. "मग मी इतके दिवस कुठल्या हिशेबाने टोपली वाटत होतो?"

तेवढ्यात लांबून तेलिणीचा आवाज आला. "अरे बाबा, माझी शेळी वाटीभर दूध देते. रोज देते. पण पैलवानाच्या घागरीपुढे वाटी काय सांगायची, म्हणून गप्प होते मी."

"आमच्या शेळीचंही निघतं," दुसऱ्या टोकाहून कुणीतरी म्हणालं. "अर्धी वाटी. लाज वाटली सांगायला."

"आमच्या गाईचंही थोडं आहे, वासराचं पिऊन झालं की."

गल्लीगल्लीतून पायऱ्यांवर वाट्या आल्या. कोतवाल पळत सुटला. त्या संध्याकाळी शिंप्याच्या दारात तांब्या पोचला, तो अर्धाच भरला होता. पण त्यातलं दूध दूधच होतं.

शिंप्याच्या पोटात ते टिकलं. दुसऱ्या दिवशीही टिकलं. काही दिवसांनी ढोल वाजल्यावर तो भिंतीला धरून दारात आला. आवाज फाटका होता. "आजचं बरं! मी दारापर्यंत चालत आलो!"

"वाऽऽऽऽऽ!" अशी आरोळी उठली की चावडीवरचे कावळे उडाले.

पैलवानाच्या पोटात जरा दुखलंच. खोटं कशाला बोला, चांगलंच दुखलं. दारापर्यंत तर तोही चालत आला होता. त्याने तोंड उघडलं. बायकोने त्याच्याकडे बघितलं. त्याने तोंड मिटलं, आणि जन्मात पहिल्यांदा शेजाऱ्याचं घर सोडून स्वतःचं घर आठवून बघितलं, आज काय काय झालं ते. जरा वेळ लागला. गावाने वाट बघितली.

"आजचं बरं," पैलवान म्हणाला. "गवळ्याचा हंडा पुन्हा सुरू झाला. कोतवालाने आमच्या दारात दूध ठेवलं. त्यात पाणी होतं. पण दूधही होतं."

गाव म्हणालं, "वा." लहानसाच होता. पण पैलवानाने तो घरात नेला, आणि बायकोला अर्धा दिला.

तात्पर्य: शेजाऱ्याच्या वाटीवर कुरघोडी करायला आपली घागर फुगवून सांगू नये. आपल्या वाटीत थोडं असेल तर थोडं म्हणावं, रिकामी असेल तर रिकामी म्हणावं. भरणारी माणसं गावात असतात, पण त्यांना आधी कळायला लागतं.